दुसऱ्याच्या गाडीवरचा विंचू

गांधीबागेत राहणाऱ्याला 'बाहेरून आलेला' या शब्दाचं फारसं काही वाटत नाही. कापड मार्केटमधल्या दुकानांच्या पाट्या नुसत्या वाचत गेलं तरी कळतं. कोणी मारवाडातून आलं, कोणी कच्छ-गुजरातेतून, कोणी १९४७ नंतर सिंधमधून. आता सगळे नागपूरकर. संत्र्याचा भाव आणि मे महिन्यातलं ऊन यावर सगळ्यांचं एकमत. आणि एका अर्थानं खुद्द नागपूरही बाहेरून आलेलंच म्हणायचं. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, मग १९६० पासून महाराष्ट्रात. शहर जागचं हललं नाही, सरहद्दच इकडून तिकडे गेली.

आजचा लेख अशाच एका माणसाबद्दल आहे. त्याच्याही बाबतीत सरहद्दी हलल्या आणि तो स्वतःही हलला. हातात पाना, डोक्यात वेग. स्वतःचा गाड्यांचा मोठा कारखाना कधीच नव्हता. तरी दुसऱ्याच्या कारखान्यातली, मध्यमवर्गीयांची सगळ्यात साधी गाडी घेऊन त्यानं अशी रेसिंग टीम उभी केली की मोठमोठ्या कंपन्यांना घाम फुटला. नाव कार्लो अबार्थ. तुम्ही गाड्यांचे शौकीन असाल तर विंचवाचं चिन्ह डोळ्यापुढे आलं असेल. नसाल तरी वाचा. कारण ही गोष्ट नुसती गाड्यांची नाही. दुसऱ्याच्या प्रॉडक्टवर आयुष्यभर काम करणाऱ्या माणसाचं स्वतःचं काय उरतं, हा यातला खरा प्रश्न आहे. आणि मंडळी, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या पगाराच्या स्लिपवर छापलेला आहे :-)

तर सुरुवातीपासून. जन्म १५ नोव्हेंबर १९०८, व्हिएन्ना. नाव कार्ल. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य होतं. घराण्याचं मूळ मेरानो या आल्प्समधल्या गावात. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य मोडलं आणि मेरानो इटलीत गेलं. म्हणजे पोरगा जेमतेम दहा-अकरा वर्षांचा, आणि आजोळ-पणजोळ म्हणावं ते गाव परदेशात.

शिक्षण म्हणाल तर वर्कशॉपमधलं. मोटरसायकलींच्या कामात हात बसला आणि विशीत तो व्हिएन्नातल्या एका रेसिंग टीमचा मेकॅनिक झाला. एकदा टीमचा नेहमीचा स्वार आजारी पडला, बदली म्हणून याला बसवलं, आणि सरावात यानंच सगळ्यांपेक्षा चांगली वेळ काढली. मग काय, मेकॅनिकचा स्वार झाला. पुढे एका अपघातानंतर साइडकारवाल्या मोटरसायकलवर आला. आपल्या 'शोले'तल्या जय-वीरूची असते तशी.

या साइडकारची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९३४ मध्ये त्यानं ठरवलं की ओरिएंट एक्सप्रेसशी शर्यत लावायची. व्हिएन्ना ते बेल्जियममधलं ओस्टेंड, तेराशे किलोमीटरच्या वर अंतर. तेव्हाचे रस्ते, तेव्हाचे टायर. जाताना यंत्रानं दगा दिला आणि आगगाडी जिंकली. दुसरा कोणी असता तर गपचूप घरी परतला असता. यानं परतीच्या वाटेवर पुन्हा शर्यत लावली आणि गाडीच्या वीसेक मिनिटं आधी व्हिएन्नात हजर! आजच्या भाषेत हा मार्केटिंग स्टंट झाला. पण त्यात त्याचा स्वभाव पुरता दिसतो. लहान यंत्र, मोठा प्रतिस्पर्धी, आणि आकडा असा की तो वर्तमानपत्रवाल्याला लगेच कळावा.

महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास युगोस्लाव्हियात लुब्लियानाला त्याला मोठा अपघात झाला. मोटरसायकलवरची कारकीर्द तिथं संपली. युद्धाचा काळ तिथंच काढला. पेट्रोल मिळेनासं झालं होतं, तेव्हा दुसऱ्या इंधनावर इंजिनं चालवायची खटपट हा त्याचा उद्योग. १९४५ मध्ये युद्ध संपलं. व्हिएन्ना चार विजेत्या देशांनी वाटून घेतलेली, युगोस्लाव्हियात नवी राजवट. हा गेला मेरानोला, वाडवडिलांच्या गावी, जे आता इटलीत होतं. कार्लचा कार्लो झाला. वय ३७, अंगावर जुन्या अपघातांच्या खुणा, आणि जवळ भांडवल म्हणाल तर ओळखी आणि हात.

ओळखी मात्र बऱ्या होत्या. त्याची पहिली बायको आन्तोन पिएख या व्हिएन्नातल्या वकिलाची सेक्रेटरी होती, आणि हा पिएख म्हणजे फर्डिनांड पोर्शचा जावई. त्या वेळी म्हातारा पोर्श फ्रान्समध्ये कैदेत होता आणि घरच्यांना पैशांची निकड होती. इकडे तुरीनमध्ये पिएरो दुसिओ नावाचा एक बडा असामी होता. तरुणपणी युव्हेंतुसकडून फुटबॉल खेळलेला, मग त्या क्लबचा अध्यक्ष झालेला. आणि गांधीबागवाल्यांनो, पैसा कमावला होता कापडाच्या धंद्यात! त्याला ग्रां प्री गाडी हवी होती. अबार्थ आणि रुडॉल्फ ह्रुस्का या दोघा ऑस्ट्रियनांनी मध्ये पडून पोर्शच्या मंडळींना हे काम मिळवून दिलं.

गाडी काय होती म्हणून सांगू! चिसितालिया ३६०. दीड लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, सुपरचार्जर, आणि हवी तेव्हा चारही चाकांना ताकद. १९४७ साली! कागदावर ती काळाच्या कितीतरी पुढे होती. आणि कागदावर काळाच्या पुढे असलेल्या प्रोजेक्टचं जे होतं तेच झालं. बजेट संपलं. शेठजी कर्जात बुडाले आणि पुढे अर्जेंटिनाला निघून गेले. ती गाडी आज श्टुटगार्टच्या पोर्श संग्रहालयात बघायला मिळते.

अबार्थची देणी बाकी होती. रोख मिळण्यातलं नव्हतं, म्हणून हिशेबात काही चिसितालिया रेसिंग गाड्या आणि सुटे भाग मिळाले. दिवाळं निघालेल्या स्टार्टअपमधून शेवटच्या पगाराऐवजी लॅपटॉप आणि खुर्च्या मिळाव्यात तसं. त्या सामानावर, आर्मांदो स्काल्यारिनी या भागीदाराला घेऊन, त्यानं ३१ मार्च १९४९ रोजी 'अबार्थ अँड कंपनी' काढली. चिन्ह निवडलं विंचू, कारण रास वृश्चिक. (आपल्याकडे रास चंद्रावरून, त्यांच्याकडे सूर्यावरून. त्यामुळे पत्रिकेवाल्यांनी वाद घालू नये.) पहिली टीम त्या जुन्या गाड्यांचीच. १० एप्रिल १९५० ला सिसिलीत पालेर्मोजवळच्या माँते पेलेग्रिनोच्या घाटातल्या शर्यतीत त्याच्या गाडीत कोण बसलं होतं? ताझिओ नुव्होलारी, इटलीचं दैवत, वय ५७. तो आपल्या वर्गात पहिला आला. नुव्होलारीची ती शेवटची शर्यत ठरली.

पण रेसिंग टीम म्हणजे पैसे खाणारा राक्षस. त्याला रोज काय घालणार? इथं अबार्थमधला मेकॅनिक आणि व्यापारी एकत्र आले, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात हुशार काम इथंच आहे. त्यानं सायलेन्सर विकायला सुरुवात केली.

हे जरा समजावून सांगतो. इंजिनात स्फोट झाला की जळका वायू जोरानं बाहेर पडतो. तेव्हाच्या नेहमीच्या सायलेन्सरमध्ये आत कप्पे आणि आडवे पत्रे असत. वायू त्यांच्यावर आपटत, वळसे घेत बाहेर येई. आवाज कमी होई, पण वायूची वाटही अडे, आणि ती अडवणूक इंजिनालाच मागं रेटे. म्हणजे इंजिनाची थोडी ताकद स्वतःचाच धूर ढकलण्यात खर्च! अबार्थच्या सायलेन्सरमध्ये मधून सरळ, भोकं पाडलेली नळी. तिच्याभोवती काचतंतूंचा भरणा. वायू सरळ निघून जाणार आणि आवाज भोकांतून जाऊन त्या भरण्यात जिरणार. गाडीला थोडी जास्त ताकद मिळे, आणि आवाज पूर्ण न मरता खर्जात जाई. बाहेरून काळा रंग, टोकाला चकचकीत क्रोम. बसवायला एक दुपार पुरे.

गिऱ्हाईक कोण? तर ज्याला फेरारी परवडणार नाही असा प्रत्येक जण. कारकून, शाळामास्तर, नुकती नोकरी लागलेला पोरगा. घरची फियाट तीच, पण मागून येणारा आवाज वेगळा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला दोन लाखांहून जास्त सायलेन्सर कारखान्यातून निघत होते आणि त्यातले बरेच देशाबाहेर जात होते. सायलेन्सरच्या पैशावर टीम पळायची आणि टीमच्या नावावर सायलेन्सर खपायचा. (आपल्याकडं बुलेटचा सायलेन्सर बदलून भर रस्त्यात फटाके फोडणारी मंडळी या परंपरेत बसत नाहीत. महाराष्ट्रातल्या शहरांत पोलिस अशा सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात, आणि माझी त्याला काही हरकत नाही.)

मग आली ती गाडी. मार्च १९५५, जिनिव्हाचं प्रदर्शन, फियाट ६००. चार माणसांची, मागं इंजिन, ६३३ सीसी, ताकद बावीस अश्वशक्तीच्या आतच. आपल्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसी होतं, म्हणजे ही तिच्याहूनही लहान. स्कूटरवरून मोटारीत आलेल्या इटालियन कुटुंबाची पहिली गाडी. हिच्याकडं बघून कोणाच्या मनात शर्यत येईल? अबार्थच्या आली.

त्यानं काय केलं ते आकड्यांत बघा, कारण सगळी गोष्ट त्या आकड्यांतच आहे. मूळ इंजिनात सिलिंडरचा व्यास ६० मिलिमीटर आणि पिस्टनची वरखाली धाव ५६ मिलिमीटर. अबार्थच्या १९५६ च्या ७५० मध्ये ते झालं ६१ आणि ६४, म्हणजे ७४७ सीसी. मग ८५० टीसी, ६२.५ आणि ६९, म्हणजे ८४७ सीसी. मग १००० टीसी, ६५ आणि ७४, म्हणजे ९८२ सीसी. बघा, व्यास वाढला फक्त पाच मिलिमीटरनं, कारण सिलिंडरच्या भिंती आहेत तेवढ्याच, जास्त कोरलं तर फुटतील. पण धाव वाढली अठरा मिलिमीटरनं. ती वाढते क्रँकशाफ्ट नवा केला की. म्हणजे ज्या गोष्टीला हात लावता येत नव्हता ती जवळपास तशीच ठेवली, आणि जिथं वाव होता तिथं सगळा जोर लावला. सोबत नवे पिस्टन, मोठा कार्ब्युरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, आणि अर्थात तो सायलेन्सर. नुसत्या रस्त्यावरच्या १००० टीसीची ताकद साठ अश्वशक्ती. मूळ गाडीच्या जवळजवळ तिप्पट. शर्यतीसाठीच्या शेवटच्या आवृत्त्या शंभराच्या वर गेल्या. आणि बाहेरून? तीच घरगुती गोल गरगरीत फियाट.

ज्यांनी कधी जुना कोड परफॉर्मन्ससाठी सुधारलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. सगळं पाडून नव्यानं लिहिण्याची खुमखुमी सगळ्यांना असते. चिसितालिया ३६० हा तोच प्रकार होता, सगळं नवं, सगळं भारी, आणि अर्धवट राहिलेलं. अबार्थ त्या प्रकल्पात आतून होता, त्याचा शेवट त्यानं जवळून पाहिला. त्यातून त्यानं नेमकं काय ठरवलं हे मी कसं सांगणार? पण पुढची वीस वर्षं त्याची मुख्य कमाई झाली ती दुसऱ्यानं लाखोंनी बनवलेल्या, जागोजागी सुटे भाग मिळणाऱ्या गाडीवर.

आणि विकण्याची पद्धतही गांधीबागेच्या ठोक व्यापाऱ्याला पटेल अशी. पूर्ण गाडी परवडत नाही? हरकत नाही, खोकं घ्या. आत क्रँकशाफ्ट, पिस्टन, कार्ब्युरेटर, सायलेन्सर सगळं. तुमच्या गावच्या मेकॅनिककडून आपल्याच गाडीत बसवून घ्या. नंतर जमेल तसं पुढचं सामान न्या.

आता ती शर्यतींची दुनिया. टूरिंग कार रेसिंग म्हणजे बाजारात मिळणाऱ्या चार सीटच्या गाड्यांची शर्यत. फॉर्म्युला वनची गाडी बघून आपण थक्क होतो, पण ती आपली नसते. टूरिंग कारमध्ये मात्र आपल्या अंगणातली गाडी पळत असते, म्हणून लोक वेड्यासारखे ओरडतात. १९६३ पासून युरोपीय टूरिंग कार स्पर्धा सुरू झाली. लहान गाड्यांत तेव्हा जोर होता ब्रिटिश मिनीचा. १९६४ चं विजेतेपद वॉरविक बँक्सनं मिनीवर, केन टायरेलच्या टीमकडून मिळवलं. गंमत अशी की मिनीचा जनक अ‍ॅलेक इसिगोनिस हासुद्धा स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरमधून, लहानपणी उखडला जाऊन इंग्लंडला आलेला. म्हणजे हजार सीसीच्या गटात इटलीची आणि ब्रिटनची जी इभ्रत पणाला लागली होती, ती दोन्हीकडे बाहेरून आलेल्या माणसांच्या हातात होती!

अबार्थच्या टीसी या गटात मिनीला पुरून उरल्या. १९६६ मध्ये त्यांच्यावर जानकार्लो बागेत्ती गटाचा विजेता झाला. हा तोच बागेत्ती, ज्यानं १९६१ मध्ये फेरारीतून आपल्या पहिल्याच जागतिक ग्रां प्रीत विजय मिळवला होता. १९६७ मध्ये जर्मनीचा विली काउझेन. त्या गाड्यांचे फोटो जरूर शोधून बघा. मागचं इंजिनचं झाकण उघडंच, दोन पट्ट्यांवर टेकवून ठेवलेलं. झाकण लावायला विसरलेत असंच वाटतं. तापलेल्या इंजिनाला हवा लागावी म्हणून ते उघडं ठेवलं, आणि गाडीवरून वाहणाऱ्या हवेलाही त्या उघड्या झाकणाचा फायदाच झाला. पुढं बंपरच्या जागी पेटीसारखा रेडिएटर. दिसायला गाडी गमतीशीर, आणि पळायला लागली की दुप्पट इंजिनाच्या गाड्यांचा पिच्छा सोडत नसे.

आता फियाटचं काय? इथं खरा पेच आहे. १९५७ मध्ये फियाटनं छोटी ५०० काढली आणि सुरुवातीला लोकांनी तिच्याकडं पाठ फिरवली. कमजोर म्हणून. अबार्थनं ती घेतली, सुधारली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये मोंझाच्या ट्रॅकवर सात दिवस-सात रात्री पळवली. १६८ तास, १८,१८६ किलोमीटर, सरासरी ताशी १०८ किलोमीटर. ज्या गाडीला लोक खेळणं म्हणत होते ती आठवडाभर न थकता धावली. फियाटच्या जाहिरात विभागानं कितीही पैसे ओतले असते तरी हे साधलं नसतं. मग फियाटनं करार केला. अबार्थच्या फियाटवर आधारलेल्या गाडीनं शर्यत जिंकली किंवा विक्रम मोडला, की ठरलेली रक्कम फियाट देणार. अर्धवट बांधलेल्या गाड्याही फियाट पुरवणार, आणि तुरीनच्या कोर्सो मार्केवरच्या आपल्या कारखान्यात अबार्थ त्या पूर्ण करणार.

दोघांच्या फायद्याचा सौदा. एकाला विजय हवे होते, दुसऱ्याला पैसे. अबार्थनं विजयांचा रतीबच घातला. घाटातल्या शर्यती, लहान गावातल्या शर्यती, कुठं हजेरी नाही असं नाही. प्रत्येक विजय म्हणजे एक बिल! कंपनीच्या हिशेबानं १९७१ पर्यंत दहा हजारांवर विजय, १० जागतिक आणि १३३ आंतरराष्ट्रीय विक्रम. स्वतः मालकही मागं नव्हता. ऑक्टोबर १९६५, वय ५६. रेकॉर्डच्या एकसीटी गाडीत मावत नव्हता म्हणून सफरचंदं खाऊन तीस किलो वजन उतरवलं, आणि मोंझाला स्वतः गाडी चालवून प्रवेगाचे विक्रम मोडले. डाएटचा हा बहुधा इतिहासातला सर्वात महाग प्रकार असावा.

पण सौद्यात एक खोच होती. गाडी कुणाची? नाव 'फियाट-अबार्थ'. आधी फियाट, मग अबार्थ. सांगाडा त्यांचा, किंमत त्यांच्या हातात, कोणतं मॉडेल चालू ठेवायचं आणि कोणतं बंद करायचं तेही त्यांच्या हातात. वरून नियमही बदलत होते. १९६६ पासून गट २ च्या टूरिंग कारसाठी वर्षाला किमान १००० गाड्या बनवल्याचं दाखवावं लागे. तुरीनच्या बड्या कारखान्याला हजार गाड्या म्हणजे चहा पिऊन होईपर्यंतचं काम. छोट्या वर्कशॉपला तो डोंगर. शिवाय अबार्थला पूर्णपणे स्वतःच्या अशा गाड्याही करायच्या होत्या. स्वतःची इंजिनं, स्वतःच्या स्पोर्ट्स कार, दोन लिटर, तीन लिटर. माणूसच तो, कधीतरी वाटणारच की या गाडीवर फक्त माझं नाव असावं. त्या गाड्या चांगल्या होत्या, काही जिंकल्याही. पण त्या पैसे आणणाऱ्या नव्हत्या, पैसे खाणाऱ्या होत्या.

१९७१ मध्ये अबार्थनं कंपनी फियाटला विकली. स्पोर्ट्स कारचा विभाग एन्झो ओझेल्लाकडे गेला. विंचू फियाटचा झाला. तेथून पुढं अबार्थ हा फियाटचा रॅली विभाग. १३१ अबार्थनं १९७७, १९७८ आणि १९८० मध्ये उत्पादकांचं जागतिक रॅली विजेतेपद मिळवलं, लान्चिया ०३७ याच विभागात घडली. विकून टाकलेली कंपनी मालकाशिवाय जोरात चालली. हे बघून माणसाला बरं वाटावं की वाईट, कोण जाणे. कार्लो व्हिएन्नाला परतला आणि २४ ऑक्टोबर १९७९ ला गेला. पाश्चात्त्य पंचांगानं सूर्य नुकताच वृश्चिकेत शिरला होता.

आता तुम्ही म्हणाल, तुरीनच्या या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध? आहे ना. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरनं कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० काढली, तीच पुढं पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून प्रत्येक हिंदी सिनेमात धावली. म्हणजे अबार्थ ज्या कंपनीच्या गाड्यांवर जगला, त्याच कंपनीची गाडी आपल्या दोन पिढ्यांनी वापरली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर आपल्याकडचे मेकॅनिकही याच फियाट कोरून, घासून, हलक्या करून पळवत होते. हुन्नर आपल्याकडं कमी नव्हतं. पण अबार्थमागं एक बाजार होता. वर्षाला लाखो नव्या गाड्या, आणि त्यांना सायलेन्सर घेणारे लाखो मालक. आपल्याकडं लायसन्स राजमध्ये गाडीसाठीच वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. ज्याला गाडी मिळण्याचीच मारामार, तो तिच्यात नवा क्रँकशाफ्ट कुठून घालणार? कारागीर एकटा मोठा होत नाही. त्याच्याखाली ठोक माल असावा लागतो.

आणि दुसरा संबंध त्याहून जवळचा. फियाटनं २००७ मध्ये अबार्थचं नाव पुन्हा बाजारात आणलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये भारतात अबार्थ पुंतो आली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या किंचित आत. बनत होती कुठं? पुण्याजवळच्या रांजणगावला! अष्टविनायकाच्या गावात वृश्चिकेचा विंचू. त्या पैशात तेवढी ताकद देणारी गाडी तेव्हा दुसरी नव्हती, आणि ज्यांनी घेतली ते अजून तिच्याबद्दल डोळे चमकवून बोलतात. पण फियाटचा भारतातला धंदाच मंदावला होता. काही वर्षांत पुंतो बंद झाली, आणि तिच्यासोबत विंचूही गेला. त्यात विंचवाची काही चूक नव्हती. खालची गाडी गेली, वरचा बिल्ला कुठं लावणार?

म्हणजे अबार्थच्या हयातीत जो पेच होता तोच त्याच्यानंतर छत्तीस वर्षांनी रांजणगावात पुन्हा दिसला. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधलं की पाया फुकट मिळतो, पण सातबारा आपल्या नावावर नसतो.

आपण आयटीवाले हेच करतो. प्रॉडक्ट क्लायंटचं, फ्रेमवर्क दुसऱ्याचं, सर्व्हर तिसऱ्याचा. आपण त्यात कुठंतरी ५६ चे ७४ मिलिमीटर करून ठेवतो, आणि रिलीज नोटमध्ये आपलं नाव नसतं. म्हणून मग अधूनमधून कोणीतरी उठतं आणि म्हणतं, सोडा हे, स्वतःचं प्रॉडक्ट काढू. काढावं, जरूर काढावं. पण अबार्थकडं बघून मला दोन गोष्टी वाटतात. एक, दुसऱ्याच्या गाडीवर काम करणं हे दुय्यम दर्जाचं काम नाही. त्याची सगळी कीर्ती ६३३ सीसीच्या घरगुती डब्यावर उभी आहे, स्वतःच्या तीन लिटरवर नाही. आणि दोन, तसं काम करताना त्यानं सायलेन्सर मात्र स्वतःचा ठेवला. त्याच्यावर फियाटची परवानगी लागत नव्हती. तो कोणत्याही गाडीला बसायचा, आणि महिन्याचा खर्च त्यावर निघायचा. फियाटशी बोलणी करताना पाठीशी तो होता म्हणून हा माणूस बावीस वर्षं टिकला.

आपला सायलेन्सर कोणता, हा विचार करायला रविवारची संध्याकाळ बरी असते. सोमवारी स्टँडअपमध्ये कोणी विचारणार नाही, म्हणून आजच केलेला बरा.